केंट-ससेक्सच्या बागा आणि कॅसल ग्रुपने बघायचेत? मग हे आधी वाचा

मागच्या जूनमध्ये आम्ही 11 जण इंग्लंडच्या केंट आणि ईस्ट ससेक्स भागात बागा आणि कॅसल बघायला गेलो होतो, चुलत-मावस भावंडं, त्यांच्या बायका-नवरे आणि सत्तरी पार केलेले काका-काकू. परत आल्यापासून प्रत्येकजण विचारतोय की कसं केलंत, किती दिवस, गाडी कुठून, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. लांब आहे, पण ज्यांना खरंच जायचंय त्यांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. प्लॅन ठिकाणांच्या यादीवरून करायचा नाही, ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावरून करायचा. आमच्याकडे ते काका होते, गुडघा दुखरा आणि वर फुलं बघत उभं राहायची हौस. एक्सेलमध्ये मी एका दिवसात तीन ठिकाणं बसवली होती आणि अंतरं बघितली तर सहज जमत होतं, कारण इथली बरीच ठिकाणं एकमेकांपासून 10-15 मैलांच्या आत आहेत. पण 11 माणसांना नुसतं गाडीतून उतरून, टॉयलेटला जाऊन, तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचायला 25 मिनिटं लागतात हे एक्सेलमध्ये नव्हतं. पहिल्याच दिवशी तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा शेवटचा प्रवेश बंद होऊन दहा मिनिटं झाली होती आणि आम्ही फाटकाच्या बाहेरून फोटो काढून परत आलो. त्यानंतर नियम केला, दिवसाला फार तर दोन ठिकाणं, एक बाग आणि एक कॅसल. कॅसलमध्ये पाय दुखतात आणि बागेत वेळ जातो, त्यामुळे दोन कॅसल एका दिवशी केले तर म्हातारी माणसं संपतात आणि दोन बागा केल्या तर ज्यांना झाडांत रस नाही ते कंटाळून फोन काढून बसतात.

कधी जायचं ते ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे

केंट गार्डन ऑफ इंग्लंड म्हणून ओळखलं जातं, पण बाग म्हणजे काही पुतळा नाही की कधीही गेलं तरी तोच दिसणार. एप्रिलच्या शेवटी ते मेच्या मध्यापर्यंत जंगलात ब्लूबेलची निळी रानफुलं असतात आणि ग्रेट डिक्स्टर या बागेत ट्यूलिप. मेच्या उत्तरार्धात स्कॉटनी कॅसलच्या बागेत ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया, अख्खी टेकडी रंगलेली असते. जून म्हणजे गुलाब, आणि गुलाबासाठी जायचं तर सिसिंगहर्स्टची बाग. ऑगस्ट-सप्टेंबरला डिक्स्टरची एक्झॉटिक गार्डन जोरात असते, केळीची मोठमोठी पानं, डेलिया वगैरे. ग्रुपमध्ये आधी विचारा की कोणाला काय बघायचंय, आणि मत घेताना तीनच पर्याय द्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आठवडाभर फक्त अंगठे येतात.

मला विचाराल तर जूनचे पहिले दोन आठवडे. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी जीव घाबरा होत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे म्हणजे सार्वजनिक सुट्टी, तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात, तो आठवडा टाळा. मेच्या उत्तरार्धात लंडनला चेल्सी फ्लॉवर शो असतो, तो बघायचा नसेल तर त्या दिवसांत लंडनला मुक्काम करू नका, उगाच जास्त पैसे जातात.

व्हिसाचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, प्रवासाच्या तारखेच्या 3 महिने आधीपासूनच अर्ज करता येतो, त्याआधी नाही, आणि निर्णय साधारण 3 आठवड्यांत येतो. ग्रुप असला तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळाच. आम्ही सगळ्यांनी एकच प्रवासाचा आराखडा जोडला, तारखा आणि मुक्काम तंतोतंत सारखे. कोणीतरी एकाने सगळ्यांचे फॉर्म सबमिट करण्याआधी वाचा, आमच्या एका भाऊजींनी परतीची तारीख जाण्याच्या तारखेच्या आधीची टाकली होती.

किती जण, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही

इथे आकड्यांचा खेळ आहे, तो समजून घ्या म्हणजे पैसे वाचतील. 9 पर्यंत असाल तर एका गाडीत बसता, कारण साध्या कारच्या लायसन्सवर ड्रायव्हर सोडून 8 प्रवाशांपर्यंतचीच गाडी चालवता येते. भारतीय लायसन्सवर तिथे गेल्यापासून 12 महिन्यांपर्यंत अशी छोटी गाडी चालवू शकता, आणि गाडी डाव्या बाजूनेच चालते म्हणून आपल्याला फार जड जात नाही. पण 9 सीटच्या गाडीत 9 माणसं आणि 9 बॅगा मावत नाहीत, हे भाड्याच्या वेबसाइटवरच्या फोटोत दिसत नाही. 7 माणसं धरा.

10 ते 14 हा सगळ्यात अडचणीचा आकडा, आणि आम्ही नेमके त्यातच होतो. एका गाडीत मावत नाही आणि बऱ्याच ठिकाणी ग्रुपचा दर 15 माणसांपासून सुरू होतो म्हणून तोही मिळत नाही. दोन गाड्या घ्यायचा विचार होता, पण त्या भागातले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना उंच हेज (झुडपांची कुंपणं) आणि मध्ये जेमतेम एक गाडी, समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घ्या. पाट्यांवर सगळं मैलांत. दोन गाड्या म्हणजे एक पुढे गेली, दुसरी चुकली आणि अर्धा तास फोनाफोनी. शेवटी 16 सीटची मिनीबस ड्रायव्हरसकट घेतली, माणशी हिशोब केल्यावर दोन गाड्या अधिक पेट्रोल अधिक इन्शुरन्स यापेक्षा फार जास्त नव्हता आणि कोणाला रस्त्याकडे बघत बसावं लागलं नाही. 15 च्या वर असाल तर सरळ छोटी कोच घ्या आणि सगळीकडे ग्रुप बुकिंग करा.

ड्रायव्हरसकट गाडी घेताना त्याच्या वेळेचे नियम लक्षात ठेवा. साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला 45 मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो आणि दिवसाला साधारण 9 तासच चालवता येतं. "अजून एक ठिकाण घ्या ना जाता जाता" हे तिथे चालत नाही, तो हसून नाही म्हणतो. त्यामुळे बुकिंग करतानाच रोजचा रूट, निघायची वेळ आणि परतायची वेळ लिहून द्या. पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण, हे भाड्यात धरलंय का तेही लेखी घ्या.

ट्रेनने जायचं असेल तर ग्रुपसेव्ह नावाची सवलत बघा, 3 ते 9 प्रौढ एकत्र, ऑफ-पीक म्हणजे कमी गर्दीच्या वेळेत, तिकिटावर एक तृतीयांश सूट. आम्ही 11 म्हणून 6 आणि 5 असे दोन गट करून तिकिटं काढली, डबा एकच. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवरून केंटमधलं टनब्रिज वेल्स तासाभराच्या आत-बाहेर. पण ट्रेनने पोचल्यावर पुढचं काय हा खरा प्रश्न आहे. हेव्हर नावाचं स्टेशन आहे पण तिथून हेव्हर कॅसल साधारण मैलभर चालत, आणि स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेल असं समजू नका. तरुण ग्रुप असेल तर मजेत चालेल, काकांना घेऊन नाही.

मुक्काम एकाच जागी

रोज हॉटेल बदलू नका. आम्ही टनब्रिज वेल्सजवळ एक मोठं घर 5 रात्रींसाठी घेतलं, इथून हेव्हर, स्कॉटनी, सिसिंगहर्स्ट, बोडियम सगळं दिवसात जाऊन येण्यासारखं. टेंटरडनही चांगलं आहे, पूर्वेकडच्या ठिकाणांना जवळ. घर बघताना तीन गोष्टी विचारा: तळमजल्यावर एक बेडरूम आणि बाथरूम आहे का, किती बाथरूम (11 माणसांना दोन बाथरूम म्हणजे सकाळी साडेनऊच्या आत निघणं विसरा), आणि मिनीबस दारापर्यंत येते का. किचन असलेलं घर घेतलंत तर रात्रीचा मोठा प्रश्न सुटतो, कारण गावातल्या पबचं किचन लवकर बंद होतं आणि 11 जणांचं टेबल आयत्या वेळी कोणी देत नाही. बागांमधले कॅफेसुद्धा साडेचार-पाचला आवरायला घेतात, क्रीम टी (स्कोन, जॅम, क्रीम आणि चहा) खायचा तर चारच्या आत.

तिकिटं: कोणतं ठिकाण कोणाचं

हे माहिती नसेल तर दुप्पट पैसे जातात. या रूटवर सिसिंगहर्स्ट, स्कॉटनी, बोडियम आणि चर्चिलचं घर चार्टवेल ही नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि बागा सांभाळणाऱ्या संस्थेची. तीन-चार बघणार असाल तर ट्रस्टची मेंबरशिप किंवा परदेशी पाहुण्यांसाठीचा टूरिंग पास, दोन्हीचा हिशोब करून बघा, मेंबरना पार्किंगही फुकट असतं. डोव्हर आणि वॉल्मर हे कॅसल इंग्लिश हेरिटेज या अशाच दुसऱ्या संस्थेचे, त्यांचा परदेशी पाहुण्यांसाठी 9 आणि 16 दिवसांचा वेगळा पास असतो. हेव्हर, लीड्स कॅसल आणि ग्रेट डिक्स्टर यांची तिकिटं स्वतंत्र, तिथे यातला कुठलाच पास धरू नका. ग्रुप 15 पेक्षा कमी असला तरी आधी एक ईमेल टाकून ठेवा, अकरा माणसं येतायत, दोघांना चालायला त्रास आहे. आम्हाला दोन ठिकाणी गाडी आतपर्यंत आणायला दिली ती याच ईमेलमुळे.

आता एकेक दिवस

पहिला दिवस हेव्हर, आणि अख्खा दिवस. हे अॅन बोलिनचं लहानपणीचं घर, आठव्या हेन्रीची दुसरी राणी, जिचा 1536 मध्ये शिरच्छेद झाला. कॅसल म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर डोंगरावरचा गड येतो, तसं काही नाही, खंदकाच्या मधोमध एक टुमदार गढी आहे. पण खरी कमाल बाहेर आहे. 1903 मध्ये विल्यम वॉल्डॉर्फ अॅस्टर या अमेरिकन धनिकाने ती विकत घेतली आणि पाहुण्यांसाठी मागे ट्यूडर म्हणजे सोळाव्या शतकातल्या धाटणीचं खोटं गावच बांधलं, 38 एकरांचा तलाव खोदून घेतला, आणि इटलीतून आणलेले पुतळे ठेवायला इटालियन गार्डन केलं. 125 एकर आहे सगळं. क्रम असा ठेवा: पोचल्यावर आधी कॅसल, कारण खोल्या लहान, जिने अरुंद, आणि दुपारनंतर आत रांग लागते. मग जेवण, मग इटालियन गार्डनमधून रमतगमत तलावापर्यंत. तलावाला पूर्ण चक्कर मारायची असेल तर ज्यांना चालायचंय त्यांनीच जा, बाकीच्यांनी काठावरच्या मंडपात बसा. कुठे भेटायचं आणि किती वाजता हे वेगळं होण्याआधी ठरवा, तिथे मोबाइलची रेंज कुठे येते कुठे जाते.

दुसरा दिवस सकाळी स्कॉटनी, दुपारी सिसिंगहर्स्ट. स्कॉटनीची गोष्ट मला फार आवडते. तिथल्या हसी घराण्याच्या एडवर्डने 1837 नंतर टेकडीवर नवीन घर बांधलं, त्याचा दगड त्याच टेकडीतून काढला, आणि खाली खंदकातला जुना वाडा मुद्दाम अर्धवट पाडून टाकला, का तर वरून बघताना पडका वाडा छान दिसतो म्हणून! आणि जिथून दगड काढला त्या खाणीत बाग केली. म्हणजे हा भग्नावशेष म्हणजे बागेतलं एक शोपीस आहे. उतार बराच आहे, खाली जाताना काही वाटत नाही, वर येताना वाटतं, म्हणून हे सकाळीच.

सिसिंगहर्स्टला दुपारी तीनच्या सुमाराला शिरा, तोपर्यंत मोठ्या टूरच्या बसेस निघायला लागतात. फक्त त्या दिवशीची शेवटच्या प्रवेशाची वेळ सकाळीच बघून घ्या, आमचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. नावात कॅसल असलं तरी हा कॅसल नाही, एका मोठ्या एलिझाबेथन (सोळाव्या शतकातल्या) वाड्याचा उरलेला तुकडा. 1756-63 च्या युद्धात इथे फ्रेंच कैदी ठेवले होते, ते याला शातो (फ्रेंचमध्ये कॅसल) म्हणायचे, त्यावरून नाव पडलं. 1930 मध्ये कवयित्री व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन यांनी ही पडीक जागा घेतली, त्याने रेषा आखल्या आणि तिने त्या झाडांनी भरल्या, असं साधारण सांगता येईल. बाग खोल्या-खोल्यांची आहे, हेजच्या आणि विटांच्या भिंती, एका खोलीतून दुसरीत गेलं की मूडच बदलतो. सगळे धावतात व्हाइट गार्डनकडे, म्हणजे पांढऱ्या फुलांच्या खोलीकडे, तुम्ही आधी मनोऱ्यावर जा. वरून सगळ्या खोल्यांचा नकाशा एका नजरेत दिसतो आणि मग खाली हरवायला मजा येते. ज्यांना जिना जमत नाही त्यांच्यासाठी खाली बाकं आहेत, काकू तासभर एकाच बाकावर बसल्या आणि म्हणाल्या की सगळ्यात छान तेच झालं.

तिसरा दिवस रिकामा ठेवा. खरंच ठेवा. कपडे धुणं, झोपणं, ज्यांना जायचं त्यांनी चार्टवेल किंवा राय गावात जावं. ग्रुपमधली भांडणं साधारण तिसऱ्याच दिवशी होतात, आमची दुसऱ्या रात्रीच झाली, विषय होता बाथरूम.

चौथा दिवस बोडियम आणि ग्रेट डिक्स्टर, दोन्ही अगदी जवळजवळ, 3-4 मैलांवर. हा दिवस सोमवारी आणू नका, डिक्स्टर सोमवारी बंद असतं, फक्त बँक हॉलिडेचा सोमवार सोडून. बोडियम 1385 चा, चित्रातला कॅसल, चारी बाजूंनी पाणी, कोपऱ्यांना गोल बुरूज. खरं सांगायचं तर आत काहीच नाही, छप्पर नाही, खोल्या नाहीत, बुरुजावर गोल जिन्याने चढलात की संपलं. सौंदर्य सगळं बाहेरून, म्हणून पूर्ण खंदकाला फेरी मारा, सकाळी वारा नसेल तर प्रतिबिंब मिळतं. पोरंसोरं असतील तर टेंटरडनहून बोडियमला वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी येते, तीने या, मिनीबसला पुढे बोलवा. ती रोज धावतेच असं नाही, वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा.

ग्रेट डिक्स्टर माझं सगळ्यात लाडकं. घर एडविन लट्यन्सने नीट केलं, तोच ज्याने आपलं राष्ट्रपती भवन डिझाइन केलं. पण जीव घातला तो ख्रिस्तोफर लॉइडने, इथेच जन्मला 1921 मध्ये, आणि 2006 मध्ये जाईपर्यंत इथेच मातीत हात घालून होता. त्याने लट्यन्सची जुनी गुलाबाची बाग काढून तिथे केळी आणि कर्दळ लावली तेव्हा इंग्लंडमधले बागवाले हादरले होते. केशरीला गुलाबी, जांभळ्याला पिवळं, असे रंग शेजारी लावलेत की आपण घरी कधी धाडस करणार नाही. गवत मुद्दाम वाढवलेलं असतं, जूनमध्ये त्यात रानटी ऑर्किड असतात, ते बघून आमच्यातला एकजण म्हणाला इथे कापायला माणूस मिळत नाही वाटतं. वाटा अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंनी झाडं अंगावर येतात, 11 जणांनी रांगेत फिरू नका, तिघा-तिघांनी फिरा. घर बघायचं असेल तर ते दुपारीच उघडतं.

पाचवा दिवस लीड्स कॅसल, सामान गाडीतच, आणि तिथून लंडन. एम20 या हायवेच्या जंक्शन 8 ला लागूनच आहे. आणि कृपा करून नकाशावर नुसतं लीड्स टाकू नका! ते यॉर्कशरमधलं शहर आहे, याचा त्याचा संबंध नाही, आमच्या भाच्याने तिथली ट्रेनची तिकिटं जवळजवळ काढली होती. हा कॅसल केंटमध्ये मेडस्टनजवळ, तलावातल्या दोन बेटांवर. सुरुवात 1119 ची, नंतर राण्यांचं घर, आणि आतल्या खोल्या बऱ्याचशा लेडी बेली या बाईंनी 1926 नंतर सजवलेल्या. 2,400 यू झाडांचा भूलभुलैया आहे, मध्यावर पोचलात की भुयारातून बाहेर. तिथे 40 मिनिटं जास्त धरा, कारण कोणीतरी एकजण सापडतच नाही. पार्किंगपासून कॅसलपर्यंत बरंच चालायला लागतं, व्हीलचेअर वगैरे काय सोय आहे ते आधी विचारून ठेवा.

हाताशी अजून एक दिवस असेल तर डोव्हर आणि वॉल्मर जोडीने करा. डोव्हर प्रचंड आहे, दुसऱ्या महायुद्धातली 1940 ची डंकर्कची माघार जिथून हाताळली ते भुयार तिथेच, आणि चढ भरपूर. त्यानंतर वॉल्मरची शांत बाग म्हणजे पायांना आराम.

पैसे आणि बारीकसारीक

हिशोब एकाकडेच. आम्ही माणशी सारखी रक्कम आधीच एका फॉरेक्स कार्डावर जमा केली, गाडी, घर, तिकिटं, सामाईक जेवण त्यातून, आणि आइस्क्रीम, शॉपिंग ज्याचं त्याचं. बऱ्याच ठिकाणी कार्डच चालतं म्हणून नोटा कमी न्या. बुकिंगचे पैसे भरायच्या आधी सगळ्यांकडून एक गोष्ट लेखी घ्या: अमुक तारखेनंतर कोणी गळलं तर घर-गाडीचा वाटा परत मिळणार नाही. नात्यात असं लिहून घ्यायला लाज वाटते, पण आमच्यात एकजण महिनाभर आधी गळला आणि या एका मेसेजमुळे तोंडं वाकडी झाली नाहीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स प्रत्येकाचा, आणि सत्तरीच्या वरच्यांच्या आधीच्या दुखण्यांची नोंद करूनच.

छत्री नको, रेनकोट न्या, अरुंद वाटांवर अकरा छत्र्या म्हणजे युद्ध. बूट ओल्या गवतात चालणारे, कारण जूनमध्येसुद्धा सकाळी गवत भिजलेलं असतं.

आणि डिक्स्टरच्या नर्सरीत आमच्या वहिनींनी बियांची पाकिटं आणि कंद टोपलीत भरले होते ते मी परत ठेवायला लावले. भारतात बिया, कंद, रोपं आणायला फायटोसॅनिटरी (रोपं रोगमुक्त असल्याचं) सर्टिफिकेट आणि आयात परवाना लागतो, बॅगेत घालून आणता येत नाहीत. त्या अजून माझ्यावर थोड्या रागावलेल्या आहेत. त्यांनी त्याऐवजी झाडांच्या नावांच्या पाट्यांचे फोटो काढले, एकशे साठ.